माशीमांच्या मॉरिसचं स्टिअरिंग

मिठाईच्या दुकानापाशी वळण घेताना माशीमांच्या गाडीचं स्टिअरिंग त्यांच्या हातातच तुटलं. म्हणजे गाडी डावीकडे वळली आणि स्टिअरिंगचा चतकोर तुकडा माशीमांच्या उजव्या हातात राहिला. वेग बैलगाडीचा होता म्हणून कोणाला काही झालं नाही. दुकानापुढे रचलेली दह्याच्या मडक्यांची उतरंड तेवढी कोसळली. पण भर सकाळी साडेनऊला बहात्तर वर्षांच्या बाईनं हातात स्टिअरिंगचा तुकडा धरून रस्त्यात बसून राहावं, हे काही शोभेचं नव्हतं. कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी तो तुकडा पदराखाली घेतला. आता कलकत्त्याच्या भवानीपुरात कोणी बघत नाही अशी वेळ दिवसातून एकदाही येत नाही, ही गोष्ट वेगळी.

"माशीमा, पदराखाली काय लपवलंत?" दुकानाच्या बाकावरून नगेनबाबूंनी विचारलं. हे होमिओपॅथीचे डॉक्टर. दवाखाना समोरच होता, पण ते बसायचे बाकावर. पेशंटही तिथंच यायचे.

"काही नाही. केळं."

"एवढं वाकडं?"

माशीमांचं नाव निहारकणा दत्तगुप्त. पण आख्खी गल्ली त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणे, तेव्हा आपणही तेच म्हणू. गाडी मॉरिस मायनर, जुन्या काळची, पाठ कासवासारखी. एके काळी ती मोराच्या मानेसारखी निळी होती, आता वांग्याच्या भरतासारखी दिसे. स्टिअरिंग मूळचं हस्तिदंती रंगाचं. उन्हानं त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्या माशीमा गेली काही वर्षं नखांच्या पॉलिशनं बुजवत होत्या. पॉलिशनं किती दिवस तगणार?

घरी येऊन त्यांनी पहिला फोन बागबाजारला केला, थोरल्या बहिणीला.

"बडदी, स्टिअरिंग तुटलं गं."

"सगळं?"

"चतकोर."

"मग तीन चतकोरांवर चालव."

"डावीकडे वळता येतं. उजवीकडे वळायला गेलं की हात पोकळीत जातो."

"माझ्या घरापासून हावडा स्टेशनला जाताना उजवीकडे वळणं तरी किती आहेत?"

दोघींनी फोनवर गल्ल्या मोजल्या. चार निघाली. चार वळणं देवाच्या भरवशावर सोडणं बरं नव्हे, असं दोघींचं एकमत झालं.  

गोष्ट अशी होती की सतरा सप्टेंबरला, दुपारी तीनच्या गाडीनं, बडदी कायमची बंगळूरला चालली होती. वय वर्षं एक्याऐंशी. मुलगा तोतन, स्वतः बावन्न वर्षांचा, तिला न्यायला येणार होता. बागबाजारचं घर सोडायचं, सामान वाटून टाकायचं, सगळं ठरलं होतं. "भाद्र महिन्यात मांजरसुद्धा घराबाहेर काढत नाहीत रे," असं बडदीनं मुलाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "आई, मला रजा भाद्रातच मिळते." तेव्हा बडदीनं एकच मागणं मागितलं आणि तेही मुलाकडे नाही, धाकट्या बहिणीकडे: "खुकू, स्टेशनवर मला तुझ्या मॉरिसमधून ने. आणि पुढच्या सीटवर बसव."

मॉरिस घरात आली त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत बडदी त्या गाडीत शेकडो वेळा बसली, पण दर वेळी मागे. पुढे, गाडी चालवणाऱ्या माशीमांशेजारी, आधी पुरुषमाणसं बसायची. पुरुष नसले तर ज्याला गाडी लागते ते मूल बसायचं. मुलं मोठी झाल्यावर एकदा डायमंड हार्बरहून येताना पुढची सीट मोकळी होती, पण त्या दिवशी तीन किलोचा इलिश घेतलेला. मासा चेपू नये म्हणून इलिश पुढे बसून आला आणि बडदी मागे, मांडीवर डब्यांचा ढीग घेऊन. हे ती कधी विसरली नव्हती. माशीमाही नव्हत्या विसरल्या.

तेव्हा स्टिअरिंग पाहिजे होतं आणि हातात सत्तावीस दिवस होते. एका चाकाला सत्तावीस दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी, असं कोणालाही वाटेल. पण ज्याला असं वाटतं त्यानं भवानीपुरात कधी काही दुरुस्त करून घेतलेलं नसतं.

नगेनबाबूंनी पहिला सल्ला दिला. म्हणाले, स्टिअरिंग बदलणं म्हणजे गाडीत फेरफार, सरकारला विचारायला हवं. विचारायला हवं म्हटल्यावर माशीमा मोटार खात्याच्या कचेरीत विचारायला गेल्या. सरकारला विचारायला जाणं म्हणजे झोपलेल्या कुत्र्याला कूस बदलायला सांगणं. पण माशीमा शाळामास्तरांची लेक, त्यांना न विचारता काही करवत नसे.

तीन खिडक्या फिरून चौथ्या खिडकीवर एक कारकून भेटला.

"मालक कुठायत?"

"वारले. अकरा वर्षं झाली."

"मग अर्जावर सही कोण करणार?"

"मी करते की."

"गाडी तुमच्या नावावर नाही. सही मालकांची लागेल." एवढं म्हणून कारकून थांबला आणि त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "थांबा. म्हणजे अकरा वर्षं मेलेल्या माणसाची गाडी रस्त्यावर फिरतेय? चालवतं कोण?"

 सरकारपुढे जन्मात खोटं न बोललेल्या माशीमांनी घाईघाईनं सांगितलं, "छे छे, कोणीच नाही. नुसती दारात उभी असते."

"मग स्टिअरिंग कशाला पाहिजे?"

 माशीमा नमस्कार करून निघाल्या आणि कचेरीच्या कोपऱ्यावर उभी केलेली गाडी न घेताच ट्रामनं घरी आल्या. संध्याकाळी गाडी आणायला गल्लीतल्या गॅरेजच्या पांचू मिस्त्रीला धाडावं लागलं. तीन चतकोरांवर ती त्यानं कशी आणली, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

हे कळल्यावर बिमलेंदू रागावला. बिमलेंदू म्हणजे गल्लीच्या क्लबचा सेक्रेटरी. ह्या क्लबाची कामं दोन: फुटबॉल हरणं आणि दुर्गापूजा करणं. मधल्या काळात करायला काही नसतं, म्हणून माशीमांचं स्टिअरिंग क्लबानं हातात घेतलं. "माशीमा, आम्ही मेलो होतो का, तुम्ही कचेरीत गेलात ते?" असं म्हणून त्यानं सभा बोलावली. सभा तीन तास चालली. 'गाडीच्या मूळ स्वरूपाला धक्का न लावता योग्य ते स्टिअरिंग शोधावे' असा ठराव झाला. त्यावर, 'योग्य' म्हणजे नेमकं काय, ह्यासाठी पोटसमिती नेमली. पोटसमितीत नगेनबाबू आणि बिमलेंदू. दोघांचं आयुष्यात एकदाही पटलेलं नव्हतं.

पहिलं स्टिअरिंग बिमलेंदूनं मेहुण्याकडून आणलं. शर्यतीच्या गाडीचं, काळं, चामड्याचं आणि एवढंसं, की माशीमा म्हणाल्या, "बाबा, ह्यानं गाडी वळवायची की लुच्या लाटायच्या?"

"आजकाल असलंच असतं माशीमा. सगळे लावतात."

"सगळे बहात्तर वर्षांचे आहेत का?"

मग नगेनबाबूंनी पेशंटच्या टॅक्सीचं जुनं स्टिअरिंग आणलं. ते इतकं मोठं की त्यामागे बसल्यावर माशीमा त्याच्या वरून बघू शकत नव्हत्या, आतून बघत होत्या. चाळणीतून चंद्र बघावा तसं त्यांना रस्ता दिसे. नगेनबाबू म्हणाले, "सवय होईल. रोग जुना, औषध सावकाश." बिमलेंदू म्हणाला, हे बसवलं तर मूळ स्वरूपाला धक्का बसतो, ठराव बघा. ह्यावर दोघं चार दिवस बोलले नाहीत आणि पोटसमितीचं घोडं तिथंच पेंड खात बसलं. मधल्यामधे पांचू मिस्त्रीनं जुनं स्टिअरिंग काढून घेतलं. त्यामुळे गाडी दारात बिनस्टिअरिंगची, दात काढलेल्या म्हातारीसारखी उभी राहिली. येणाराजाणारा काचेला नाक लावून आत बघे. माशीमांनी लाजेखातर स्टिअरिंगच्या उघड्या दांड्यावर एक टॉवेल टाकून ठेवला.

रोज संध्याकाळी बडदीचा फोन यायचा.

"काही जमलं?"

"शोधतेय गं."

"आज शिसवी पलंग गेला. माझा नाही, सासूबाईंचा." दुसऱ्या दिवशी देव्हारा. मग पुस्तकांचं कपाट. "खुकू, उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. नाही जमलं तर टॅक्सी आहेच."

'टॅक्सी आहेच' हे ती अशा आवाजात म्हणे की माशीमांना जेवण जात नसे.

शेवटी दहा दिवस उरले तेव्हा माशीमांनी पोटसमितीला घरी बसवलं आणि स्वतः मल्लिकबाजारात गेल्या. मोडलेल्या गाड्यांचे सुटे भाग जिथं डोंगरासारखे रचलेले असतात, त्या बोळात इस्राफिल मियाँचं दुकान होतं. छताला वटवाघळांसारखी स्टिअरिंगं लटकलेली. मियाँ सत्तरीचे, दाढीला मेंदी. त्यांनी ना गाडीचं साल विचारलं ना नंबर. म्हणाले, "गाडी कोण चालवतं?"

माशीमांनी इकडेतिकडे बघितलं. कचेरीचा कारकून कुठं दिसला नाही. "मी."

"मग बसा ह्या स्टुलावर आणि डोळे मिटा."

"डोळे कशाला?"

"डोळ्यांना रंग पाहिजे असतो. गाडी चालवतात हात. हातांना विचारू."

आणि त्या वयात, भर बाजारात, चार हमाल बघत असताना माशीमा स्टुलावर डोळे मिटून, हात पुढे करून बसल्या. मियाँ एकामागून एक चाकं हातात देत गेले. हे जाड. हे फार गुळगुळीत. ह्याच्या मागच्या बाजूला बोटांना खाचा होत्या, त्या कोणा मोठ्या पंजाच्या माणसाच्या. सातवं की आठवं चाक हातात आलं आणि माशीमांची बोटं आपणहून मिटली. बारीक, थंड, किंचित खडबडीत. अंगठे आपापल्या जागी जाऊन बसले. एकदम त्यांना मागच्या सीटवरून आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं, मुलं भांडताहेत, डबे वाजताहेत आणि बडदी म्हणतेय, खुकू, जरा हळू, आमटी सांडतेय.

"हे," त्या म्हणाल्या.

डोळे उघडले तर चाक काळं होतं. हस्तिदंती नव्हे. एका दांड्याला गंज. मियाँ म्हणाले, "मॉरिसचंच आहे, तुमच्या गाडीची थोरली बहीण समजा." माशीमांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि ट्रामनं आल्या. पोटसमितीनं पाहिलं. बिमलेंदू म्हणाला, रंग मूळचा नाही. नगेनबाबू म्हणाले, गंज आहे. माशीमा म्हणाल्या, "दोघांनीही चहा घ्या आणि घरी जा."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पांचू मिस्त्री देवभोळा.

पांचूला दांड्याचा गंज काढायला, आटे साफ करायला आठवडा लागला. सोळा तारखेच्या संध्याकाळी तो म्हणाला, "माशीमा, चाक तयार आहे. पण उद्या विश्वकर्मापूजा. नवी वस्तू आधी देवाच्या पायाशी ठेवायची, मग गाडीला लावायची. सकाळी पूजा झाली की पाच मिनिटांत बसवतो." देवाच्या पायाशी नको असं कोणती बाई म्हणेल? माशीमाही हो म्हणाल्या.

सतरा तारखेला सकाळपासून आभाळ पतंगांनी भरून गेलं. प्रत्येक गॅरेजात हत्तीवर बसलेला विश्वकर्मा आला, प्रत्येक गॅरेजात कर्णा आणि प्रत्येक कर्ण्यातून वेगळं गाणं. भटजी चक्रवर्तीमशाय सायकलीवरून बारा गॅरेजं करत होते. आपल्या गल्लीला ते पोचले साडेअकराला. बाराला पूजा आटोपली. माशीमा ठेवणीतली, लाल काठ नसलेली पांढरी रेशमी गरदची साडी नेसून तयार. पांचूनं पाना उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. पान्याला झेंडूची माळ होती, शेंदराचा टिळा होता.

"माशीमा," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "हत्यारं पूजेत बसली."

"मग?"

"एकदा बसली की उद्या विसर्जन होईतो उठत नाहीत. तीस वर्षांत ह्या दिवशी कोणी काम सांगितलंच नाही हो! म्हणून आठवलंच नाही."

माशीमांनी घड्याळ बघितलं. सव्वाबारा. "दुसऱ्या कोणाचा पाना?"

दुसऱ्याचाही पूजेत होता. आख्ख्या कलकत्त्यातले पाने त्या दिवशी झेंडू घालून बसलेले. चक्रवर्तीमशाय निघालेच होते, त्यांची सायकल बिमलेंदूनं मागून धरली. चाक देवापुढून उचललं तर चालेल का आणि ते कशानं आवळावं, असे दोन प्रश्न त्यांना घालण्यात आले. भटजी एक पाय पायडलवर ठेवूनच म्हणाले, "आज यंत्राला विश्रांती. शास्त्र आहे."

"आणि तुमची सायकल?" माशीमांनी विचारलं.

भटजींनी सायकलीकडे बघितलं. ते दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभे राहिले. अजून सात गॅरेजं बाकी होती. "चाक उचला," ते म्हणाले. "पूजा झालेली वस्तू वापरली तर देवाला आनंदच आहे. पण मिस्त्रीचं हत्यार नको. मिस्त्रीचं सोडून काय वापरायचं ते वापरा." आणि ते असे गेले की पुढचा प्रश्न ऐकूच येऊ नये.

"सांडशी!" नगेनबाबू ओरडले. त्यांच्या आयुष्यातलं बहुधा पहिलंच लागू पडलेलं औषध. "सांडशी मिस्त्रीची नाही, स्वयंपाकघरातली."

बिमलेंदू घरी पळाला आणि रिकाम्या हातानं परत आला. मागोमाग त्याची बायको इंदुलेखा. "आज भाद्राचा शेवटचा दिवस. आज आमच्यात चूल पेटत नाही, कालचं शिळं खायचं. चूल निजलीय, तिच्यापाशी सांडशी निजलीय. कोणी हात लावायचा नाही." गल्लीतल्या बाकी घरांतही तेच. सगळे इथले मूळचे, घोटी. ह्या दिवशी त्यांच्या चुलीलाही सुट्टी.

इथं माशीमा पहिल्यांदा हसल्या. माशीमा बांगाल. फाळणीत बरिशालहून नदी ओलांडून आलेल्या. बांगाल लोकांत ही चाल नाही आणि म्हणून गेली चाळीस वर्षं दर भाद्रअखेरीला इंदुलेखा आणि तिच्याआधी तिची सासू माशीमांच्या घरातून फोडणीचा वास आला की म्हणत आली होती, "बांगालांना काही विधिनिषेध नाही बाई!"

"इंदू," माशीमा म्हणाल्या, "आमची चूल सकाळी सहापासून पेटलीय. डाळ उतरवलेली सांडशी अजून गरम असेल. आणतेस का?"

इंदुलेखानं ती आणली.  पदरानं पुसूनसुद्धा आणली.

पांचू म्हणाला, "मी हात लावणार नाही. तोंडानं सांगतो." तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला आणि सांगत गेला. बहात्तर वर्षांच्या बाईनं गरदच्या साडीवर, डाळीच्या सांडशीनं, गाडीचं स्टिअरिंग आवळलं. दर आवळणीला गल्लीनं 'हेंइयो' केलं. चाक बसलं, पण वाकडं. गाडी सरळ जायची तर चाक उजवीकडे वळवून धरावं लागे, नाहीतर ती मिठाईच्या दुकानाकडे ओढे. आणि हॉर्नची तार लोंबकळत राहिली.

"ती जोडायला पेचकस लागेल," पांचू खाली मान घालून म्हणाला. "पेचकस पूजेत आहे."

"राहू दे."

बागबाजारला पोचायला दीड वाजला. तोतन टॅक्सीशेजारी घड्याळ बघत उभा. टॅक्सीच्या दिव्यांवर झेंडू, टपावर तीन ट्रंका. आणि बडदी घराच्या पायरीवर बसलेली, मांडीवर पर्स, तोंड फिरवून.

"खुकूमाशी, आता वेळ नाही, दोघी टॅक्सीत चला," तोतन म्हणाला.

बडदी उठली ती सरळ मॉरिसच्या पुढच्या दाराशी गेली. बसली, पदर आवरला, पर्स पायाशी ठेवली. गाडी सुरू झाली तेव्हा तिनं एकदाही मागे वळून घराकडे बघितलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "इथून सगळं दिसतं गं."

"काय दिसतं?"

"रस्ता. चव्वेचाळीस वर्षं मी तुझा अंबाडाच बघत आले."

बडाबाजाराशी हातगाड्यांची गर्दी लागली. माशीमांनी सवयीनं चाकाच्या मधोमध दाबलं. आवाज नाही. टॅक्सी पुढे निघून गेलेली. समोर कापसाचे गठ्ठे लादलेली हातगाडी, आणि दोन वाजून दहा मिनिटं. आणि मग बडदीनं खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून असा आवाज काढला, की माशीमांचा पाय ब्रेकवर गेला.

"ए कापूसवाल्या! बाजूला हो! स्वर्गात जायचं तर एकटा जा, मला बंगळूरला जायचंय!"

हातगाडी बाजूला झाली. पुढे बसवाला होता. "बस आहे की वऱ्हाड? हल की मेल्या!" बसवाल्यानं आजीकडे बघितलं आणि बस हलवली. पुलावर चढेपर्यंत बडदीच्या गालावर लाली आली होती, केस सुटले होते. एका पोलिसाला तिनं विचारलं, तू उभा आहेस की तुला रंगवून ठेवलंय? दोघी इतक्या हसल्या की गाडी मिठाईच्या दुकानाकडे, म्हणजे डावीकडे, ओढायला लागली.

"पुरे कर बडदी, आवाज बसेल."

"बसू दे," बडदी म्हणाली. "तिथं कोणाशी बोलायचंय मला?" आणि पुढच्या ट्रकवर ओरडली.

स्टेशनवर बोलायला वेळ झालाच नाही. तोतननं आईचा दंड धरला, हमालानं ट्रंका धरल्या आणि माशीमा मागून धावल्या. खिडकीशी गेल्या तेव्हा बडदीचा आवाज खरोखरच बसला होता. ती काहीतरी म्हणत होती, ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. "काय गं? काय?" माशीमांनी तीनदा विचारलं. मग गाडी हलली. माशीमांच्या आठवणीत एकदाही वेळेवर न सुटलेली गाडी त्या दिवशी नेमकी तीनच्या ठोक्याला सुटली.

परत येताना पुलाच्या मध्यावर एक हातगाडीवाला गाडी आडवी लावून विडी पेटवत होता. माशीमा थांबल्या. चाक उजवीकडे वळवून, डावीकडे वळवून बघितलं. ओरडावं म्हणून तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खाली गंगा, वर सगळीकडे पतंग. मागे ट्रकांची रांग लागली, पोंपों सुरू झालं. शेवटी एक ट्रकवाला उतरून खिडकीशी आला.

"ओ ठाकुमा, झोपलात काय? हॉर्न द्या ना!"

"कुठून देऊ रे बाळा," माशीमा म्हणाल्या. "माझा हॉर्न तीनच्या गाडीनं बंगळूरला गेला."